चौथा अर्ज

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. दर जुम्म्याला दुआ मागताना वरच्यापाशीसुद्धा नीट नाही – तिथेही ‘झालं-गेलं माफ कर’ असं घाऊक मागून मी मोकळा होतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मला आता माझाच इतका वैताग आलाय की हे आत ठेवून चहासुद्धा धड पिता येत नाही, म्हणून असेल.

मी नजीर. मूळचा खेड तालुक्यातला, खाडीकाठच्या एका गावचा. बहरैनमध्ये बावीस वर्षं झाली. सफाई कामगार पुरवणाऱ्या एका कंपनीत टाइमकीपर आहे. माहूजच्या इमारती, सनदमधली एक शाळा, दोन-तीन दवाखाने – तिथे झाडूपोछा करायला कोण गेलं, कोण नाही गेलं, कोण रजेवर आहे, कोण परत आलंच नाही, हे सगळं माझ्याकडे. कोणाचं लग्न ठरो, कोणाच्या घरी मयत होवो, कोणाला मूल होवो – माझ्या टेबलावर ते रजेचा अर्ज होऊनच येतं. बावीस वर्षं अर्ज वाचून वाचून माणूस दगड होतो. पण हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. सबब सांगायची नाही, असं ठरवूनच बसलोय.

माझ्या समोरच्या टेबलावर नाकातो बसते. युगांडाची. चाळीस बायकांची सुपरवायझर. उंच, आवाज मोठा, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. मी रजेवर गेलो की माझं काम ती बघते, ती गेली की तिचं मी. म्हणून आमच्या ऑफिसचा साधा नियम – दोघांपैकी एका वेळी एकानेच जायचं. भिंतीवरच्या रजेच्या तक्त्यावर आमची नावं एकाखाली एक आहेत. हा नियम लक्षात ठेवा. सगळं त्याच्यावर फिरतं.

नाकातो हे नाव त्यांच्याकडे जुळ्यातल्या धाकट्या मुलीला ठेवतात. थोरलीला बाबिर्ये. म्हणजे नाव ऐकलं की गावाला कळतं, हिच्या आधी कोणीतरी आलंय. ती हसून सांगायची, ‘बाबिर्ये पुढे, मी मागे. जन्मापासून आमचं असंच.’ ही बाबिर्ये गावात राहायची आणि गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहणार होती. अध्यक्ष म्हणून. आपल्याकडे सरपंच असतो, तसंच काहीसं समजा.

आता या निवडणुकीने मला किती छळलं, ते ऐका. नाकातोने पहिला अर्ज दिला – बहिणीची निवडणूक, तीन आठवडे रजा. मी तक्ता फिरवला, बदली लावली, मॅनेजरसाहेबांची सही आणली. आणि निवडणूक पुढे ढकलली. तिकडच्या सरकारने! कारण काय, तर तयारी नाही. दुसरा अर्ज – पुन्हा तक्ता, पुन्हा सही, पुन्हा ढकलली. तिसऱ्या वेळी तर बॅग भरून झाली होती तिची. ती बॅग उघडून पुन्हा कामाला आली. साहेबांनी मात्र मला आत बोलावून झापलं. ‘नजीर, ये इलेक्शन है कि मजाक? पहले डेट पक्का करो, फिर मेरे पास आओ. खलास.’ ढकलतंय युगांडाचं सरकार आणि शिव्या खातोय मी! माझा काय संबंध? मी कधी त्यांचं मत मागायला गेलो होतो?

पण तिच्या दृष्टीने ही मजाक नव्हती. मला ते माहीत होतं – हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणायचा मोह होईल. कल्पना पुरेपूर होती. तिने बहिणीच्या घराला लागून जमिनीचा एक तुकडा घेतला होता. इथल्या नऊ वर्षांच्या कमाईतून. गावच्या अध्यक्षाने त्या कागदावर शिक्काच मारला नाही, आणि हळूच त्या तुकड्यात आपल्या भावाची केळी लावली. भांडण घेऊन जायचं कोणाकडे? तर पहिल्यांदा गावच्या कौन्सिलकडेच – म्हणजे त्याच अध्यक्षाकडे! तो खुर्चीतून उठल्याशिवाय जमीन सुटणार नव्हती. म्हणून बाबिर्ये उभी राहणार होती.

आणि मत कसं देतात, ते तिने मला एका दुपारी डब्याच्या वेळी करून दाखवलं होतं. गावच्या निवडणुकीत कागद नाही, पेटी नाही, शाई नाही. मैदानात उमेदवार उभे राहतात आणि लोक आपापल्या माणसाच्या मागे रांग लावतात. मग डोकी मोजायची. तिने टेबलावर स्टेपलर ठेवला, पंच मशीन ठेवलं आणि त्यांच्या मागे टाचण्या मांडल्या. म्हणाली, ‘सगळे बघतात, मिस्टर नजीर. अध्यक्ष पण बघतो. त्यामुळे पहिलं कोण उभं राहणार, हाच प्रश्न. पहिली बाई उभी राहिली की बाकीच्या येतात. मी बाहेरून येणार, मला तो काय करणार? मी पहिली उभी राहीन.’ आणि तिने एक टाचणी स्टेपलरच्या मागे ठेवली.

आता सांगा, मला कळलं नव्हतं असं म्हणू शकतो का मी?

मग चौथा अर्ज आला. ‘धिस टाइम पक्का, मिस्टर नजीर. वल्ला, पक्का.’ अल्लाची ही शपथ इथे सगळ्यांच्याच तोंडी बसते. तारखेचा सरकारी कागद बहिणीने फोनवर पाठवला होता, तो तिने छापून अर्जाला जोडला होता. मी अर्ज घेतला आणि खणात टाकला. एवढंच. तेव्हा मनात काही पाप नव्हतं हो – नुसता कंटाळा. पुन्हा साहेबांसमोर जायचं, पुन्हा ‘मजाक है क्या’ ऐकायचं. म्हटलं, दोन-चार दिवस थांबू. हीही ढकलतीलच की! तिने विचारलं, ‘साहेबांनी सही केली?’ मी म्हटलं, ‘साहेब बिझी आहेत. इंशाल्ला.’ इथे इंशाल्ला म्हटलं की समोरच्याला पुढे विचारता येत नाही. मी तो शब्द अशा कामाला किती वेळा वापरलाय, त्याचा हिशेब वर लागेल तेव्हा लागेल.

त्याच आठवड्यात सलीमचा फोन. सलीम माझा चुलत भाऊ, गावातच असतो. ग्रामपंचायतीला उभा होता. तुम्हाला आमच्या कोकणातली ग्रामपंचायत माहीत असेल तर वेगळं सांगायला नको. मुंबईतून गाड्या भरून माणसं येतात. ज्यांनी पाच वर्षांत गावाकडे बघितलं नाही, ते मतदानाच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून हजर. आणि आमच्या मोहल्ल्यात तर त्याहून पुढची गोष्ट – आखातातून कोण कोणासाठी आलं, याची मोजदाद होते. समोरच्या पार्टीसाठी कुवेतवरून दोघे आणि कतारवरून एक येणार, अशी बातमी होती. सलीम म्हणाला, ‘नजीर, माझ्याकडून कोणच नाय रे बाहेरून. तू नुसता ये. बाकीचं मी बघतो.’

आणि तारीख? नाकातोच्याच आठवड्यातली.

एका मतासाठी कोणी समुद्र ओलांडून जातं का? शहाण्यासुरत्या माणसाने तरी जावं का? पण मी गेलो नसतो तर पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक दावतीत कोणीतरी म्हटलं असतं – बहरैनवाला फिरकला पण नाही. या एका वाक्याच्या धास्तीने मी जे केलं, ते केलं. भीती म्हणजे काही फार मोठी नव्हती. लोक दावतीत काय म्हणतील, एवढीच.

मी साहेबांकडे गेलो. माझाच अर्ज घेऊन. कारणात लिहिलं – आई सिरीयस. आई कशी होती म्हणाल, तर त्या दिवशी सकाळीच फोनवर तिने मला पाव तास सुनेच्या तक्रारी ऐकवल्या होत्या. ठणठणीत! साहेब चांगला माणूस, लगेच सही केली. मग विचारलं, ‘नाकातो का कुछ है क्या उस टाइम?’

मी म्हटलं, ‘नो सर.’

दोनच शब्द. तिचा अर्ज बाहेर माझ्या खणात, तारखेच्या कागदासकट.

आणि इथेच थांबलो असतो तरी एक वेळ – नाही, ‘एक वेळ’ वगैरे काही नाही. पण मी थांबलोही नाही. बाहेर आलो, नाकातोसमोर खुर्ची ओढून बसलो आणि चेहरा पाडून सांगितलं की माझी आई अत्यवस्थ आहे, आणि साहेब म्हणतात दोघांपैकी एकालाच सोडणार. ‘मी तुझ्यासाठी दोनदा विचारलं,’ असंही म्हणालो. दोनदा! एकदा म्हटलं असतं तरी खोटंच होतं, पण मला दोनदा म्हणावंसं वाटलं. का? खोटं बोलतानाही जरा चांगलं दिसावं म्हणून?

ती थोडा वेळ किल्ल्या हातात फिरवत बसली. मी वाट बघत होतो की ती चिडेल. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, मीही वर आवाज चढवला असता आणि ती बाई भांडकुदळ आहे म्हणून स्वतःची समजूत काढली असती. ती म्हणाली, ‘आई ती आई, मिस्टर नजीर. तुम्ही जा. बाबिर्ये मोठी आहे, ती बघून घेईल.’ आणि माझ्या हातातून हजेरीच्या फाइली घेतल्या – कारण मी नसताना माझं काम तिलाच करायचं होतं.

बायकोने इथल्या घरी, अरादमध्ये, बॅग भरताना एवढंच म्हटलं, ‘चालत्याबोलत्या बाईला आजारी पाडलंत? अल्लाला तरी घाबरा.’ तिला आईबद्दलचं खोटं माहीत होतं. नाकातोचं काही माहीत नव्हतं. आजही नाही.

गावात माझं स्वागत काय झालं म्हणता! स्टॉपवर गाडी. सलीमने सगळ्या वाडीतून मला फिरवलं, एखादा बोकड फिरवावा तसा. मतदानाच्या दिवशी आई – माझी ती ‘सिरीयस’ आई – नवी ओढणी घेऊन माझ्या पुढे रांगेत उभी. शाळेची ती खोली, पुठ्ठ्याचा आडोसा, आत मी आणि मशीन. मी बटण दाबलं तेव्हा कोणीही बघत नव्हतं. मी सलीमला मत दिलं की नाही, हे जगात कोणालाच कळणार नव्हतं. आणि तरी मी इतक्या लांबून आलो होतो.

बाहेर येताना बोटाला शाई लागली. डाव्या हाताची तर्जनी, नखावर आणि खाली कातडीवर, जाड रेघ. मी त्या रेघेकडे बघितलं आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. आईच्या आजारपणाला गेलेला माणूस बोटाला शाई लावून परत जाणार? साहेब मुंबईचे, एका नजरेत ओळखतील. लिंबू घासलं, रॉकेल घासलं, सलीमच्या बायकोने भांड्यांची पावडर दिली. शाई कसली जातेय! असल्या कामात सरकार अगदी चोख असतं.

सलीम निवडून आला. चांगला दणदणीत, माझ्यासारखे पन्नास आले नसते तरी आला असता. निवडून आल्यावर पहिलं काम काय केलं? स्वतःच्या दारासमोर पेव्हर ब्लॉक बसवले. मी गावाच्या विकासासाठी गेलो होतो, असं कोणी समजू नये म्हणून सांगितलं.

बोटाला बँडेज गुंडाळून मी बहरैनला परतलो. हॉस्पिटलच्या दारात बोट चेमटलं, असं सांगितलं. आता हे बँडेज किती छळतं, ते ऐका. नमाजाआधी वजू करताना ते काढावं लागतं, पाणी कातडीला लागायला हवं. म्हणजे दिवसातून पाच वेळा मी माझ्याच हाताने ती पट्टी सोडायची, शाई बघायची, धुवायची, नमाज पढायची आणि नवी पट्टी लावायची. नख वाढून कापून जाईपर्यंत – तीन महिने म्हणा. डबेच्या डबे संपवले. एवढ्या पट्ट्या खऱ्या जखमेलासुद्धा लागत नाहीत.

नाकातोने मला पहिल्याच दिवशी विचारलं, ‘आई कशी आहे?’ मी म्हटलं, ‘बरी आहे आता, अल्हमदुलिल्ला.’ तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, कामगारांच्या कॅम्पमधल्या बायकांना घेऊन शुक्रवारच्या सुटीत चर्चमध्ये तिने माझ्या आईसाठी प्रार्थना केली होती. आईचं नाव माहीत नव्हतं म्हणून ‘मिस्टर नजीरची आई’ असं म्हटलं. आणि मग खणातून एक मलम काढून माझ्यासमोर ठेवलं. बोटासाठी.

मी तिला तिच्या बहिणीबद्दल विचारलं नाही. आठवडाभर विचारलं नाही. शेवटी तिनेच सांगितलं, हजेरी भरता भरता. निवडणूक ठरल्या दिवशी झाली. नेमकी चौथ्या वेळी ढकलली नाही. मैदानात अध्यक्ष एकीकडे, बाबिर्ये दुसरीकडे. अध्यक्षाच्या मागे लगेच त्याचे भाऊबंद उभे राहिले. बाबिर्येच्या मागे बराच वेळ कोणीच येईना. ज्या बायकांनी शब्द दिला होता, त्या कडेला घोळक्यात उभ्या होत्या, एकमेकींकडे बघत. कोणी पहिली व्हायला तयार नव्हती. मोजणी झाली तेव्हा तिच्या मागे सहा जणी होत्या. त्या सहा जणींना अध्यक्षाने चांगलं बघून ठेवलं.

‘मी पाहिजे होते तिथे,’ नाकातो म्हणाली. मग माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाली, ‘तुमचा काही दोष नाही हां. तुम्ही दोनदा विचारलंत.’

तेव्हा सांगायचं होतं ना? तोंड उघडायचं होतं! नोकरी गेली असती? बहुतेक नसती. झापलं असतं, तिने बोलणं टाकलं असतं, आणखी काय? मी म्हटलं, ‘नसीब.’ आणि मलमाचं झाकण लावत बसलो.

तो अध्यक्ष पाच वर्षांसाठी बसला. पाच वर्षं संपली तेव्हा तिकडच्या सरकारने निवडणूक पुन्हा पुढे ढकलली, आणि आहेत त्यांनाच खुर्चीत ठेवलं. मग पुन्हा ढकलली. म्हणजे तो हटतच नाही! नाकातोच्या जमिनीत आता केळी नाहीत, त्याच्या भावाचं विटांचं घर आहे. बाबिर्येला गावात राहणं जड झालं, ती मुलांना घेऊन शहरात गेली, बाजारात कोळसा विकते. दर वेळी ढकलल्याची बातमी आली की नाकातो ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवते, सगळे हसतात, आणि मीही हसतो. माझी आई, माशाल्ला, अजून सुनेच्या तक्रारी करते. नाकातो अजून तिची तब्येत विचारते.

गेल्या महिन्यात पुन्हा तारखेची चर्चा निघाली. आता रजेच्या अर्जांवर शिफारशीची सही माझीच लागते, साहेब डोळे झाकून मंजूर करतात. मी स्वतः उठून तिच्या टेबलापाशी गेलो आणि म्हटलं, ‘नाकातो, अर्ज दे. या वेळी पहिल्या दिवशीच सही आणतो.’

ती म्हणाली, ‘कशाला, मिस्टर नजीर? बाबिर्ये आता उभी राहणार नाही. ती म्हणते, त्या दिवशी मी तीनदा मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.’

मी माझ्या जागेवर येऊन बसलो.

तो चौथा अर्ज माझ्याकडे अजून आहे. ऑफिस दोनदा बदललं, टेबल बदललं, जुन्या फाइली फाडून टाकल्या. तो मी दर वेळी नव्या खणात ठेवतो. तारखेचा कागद पिवळा पडलाय, टाचणी गंजली आहे. खाली तिची सही आहे. तिच्या शेजारी मॅनेजरच्या सहीची चौकट आहे, ती कोरी आहे. साहेबांनी नकार दिला नव्हता. कोणीच दिला नव्हता. तो अर्ज टेबलापासून आतल्या केबिनपर्यंत न्यायचा होता, बारा पावलं – आणि ती मी चाललो नाही.